वाचकांचे प्रश्न : काल्पनिक सूर्य, प्लग-इन आणि प्रकाशाचा हिशेब

विज्ञानकथांची चित्रं, पुस्तकांची मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकांची सजावट करणाऱ्या वाचकांकडून सूर्याबद्दल इतके प्रश्न आले, की हा सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे. उत्तरं गिम्प हे चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर धरून दिली आहेत. तो फुकट मिळतो आणि त्याला जोडायचं जीमिक हे प्लग-इनही (जादा फिल्टर देणारं जोड-सॉफ्टवेअर) फुकट मिळतं. फ्रान्समधल्या काँ शहरातल्या ग्रेक प्रयोगशाळेत २००८ पासून ते विकसित होतंय. फोटोशॉप वापरणाऱ्यांनाही लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) आणि मोडचा (वरचा थर खालच्यात कसा मिसळतो त्याचा) भाग जसाच्या तसा लागू पडेल.

प्रश्न : लेन्स फ्लेअर टाकला की सूर्य तयार होतो, पण तो बल्बसारखा दिसतो. धगधगता, पृष्ठभाग दिसणारा गोळा कसा करायचा? (सोलापूर)

उत्तर : लेन्स फ्लेअर हा सूर्य नाहीच. कॅमेऱ्याच्या भिंगांमध्ये प्रकाश आपटून जे डाग उमटतात, त्यांची ती नक्कल आहे. गोळा हवा असेल तर तीन गोष्टी वेगवेगळ्या लेयरवर करायच्या : चकती, तिचा प्रभामंडळ आणि भोवतालची झळाळी. एकाच लेयरवर सगळं उरकलं तर पुढे एकही गोष्ट सुधारता येत नाही.

२४०० बाय २४०० पिक्सेलची फाइल घ्या, पार्श्वभूमी काळी. इमेज › प्रिसिजनमध्ये जाऊन ३२ बिट फ्लोटिंग पॉइंट निवडा. कारण पुढे येईल. आता १००० बाय १००० चा वेगळा चौकोनी लेयर करा आणि त्यावर फिल्टर्स › रेंडर › नॉईज › सॉलिड नॉईज चालवा : एक्स आणि वाय साइझ ८, डिटेल १५, टर्ब्युलंटवर टिक. जीमिक असेल तर त्याच्या रेंडरिंग गटातलं टर्ब्युलन्स याहून सरस आहे. त्रिज्या ६० च्या आसपास आणि ऑक्टेव्ह ६ ठेवून टाइपच्या यादीतला एकेक प्रकार पाहा. रंगीत निघालं तर डीसॅच्युरेट करा, या टप्प्याला फक्त करडं चित्र हवंय.

कर्व्ह्जने कॉन्ट्रास्ट चांगला ताणा. सौरडाग हवे असतील तर ते आत्ताच, सपाट चित्रावर, मऊ काळ्या ब्रशने काढायचे. गोल केल्यावर काढलेले डाग कडेजवळही पूर्ण गोल राहतात आणि चिकटवल्यासारखे वाटतात. आधी काढलेले कडेकडे आपोआप चपटे होतात. खऱ्या सूर्यावर डाग विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण ३५ अंशांच्या आतच असतात, ध्रुवांवर नसतात. सूर्य काल्पनिक असला तरी ही शिस्त पाळली की तो फिरता गोल वाटतो.

रंग द्यायला कलर्स › मॅप › ग्रेडिअंट मॅप. त्याआधी ग्रेडिअंटच्या यादीत इन्कॅन्डेसंट निवडून ठेवा किंवा स्वतःचा करा : गडद तपकिरी-लाल, मग शेंदरी, मग पिवळा आणि अगदी टोकाला जवळजवळ पांढरा. पांढरा भाग शेवटच्या दहा टक्क्यांपुरताच ठेवा. तो वाढला की पृष्ठभागावरचं नक्षीकाम धुऊन निघतं.

मग फिल्टर्स › डिस्टॉर्ट › स्फेराइज, रेडियल मोड, कर्व्हेचर आणि अमाउंट दोन्ही १. हा फिल्टर लेयरच्या आत मावणाऱ्या वर्तुळातलाच भाग फुगवतो, कोपऱ्यांना हात लावत नाही. त्यामुळे लेयरला आधी अल्फा चॅनेल (पारदर्शकतेची सोय) जोडा, पूर्ण लेयरभर गोल सिलेक्शन घ्या, ते २ पिक्सेलने आत ओढा, दीड पिक्सेल फेदर करा (म्हणजे कड मऊ करा), सिलेक्शन उलटवा आणि कोपरे पुसा. फेदर विसरलात तर कड कात्रीने कापल्यासारखी दिसते.

एवढं करूनही चकती थाळीसारखी सपाटच दिसते, आणि बहुतेकांचं काम इथेच अडतं. खरा सूर्य कडेला मंद असतो : कडेजवळ आपली नजर तिरकी जाते आणि सूर्याच्याच वातावरणाच्या वरच्या, थंड थरांतला प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचतो. मध्यभागाची तेजस्विता १०० धरली तर कडेला ती ४० च्या आसपास येते. पण ही घट सरळ रेषेत होत नाही. अर्ध्या त्रिज्येपर्यंत ती जेमतेम ९२ वर येते आणि शेवटच्या पाचव्या हिश्शात धाडकन कोसळते. म्हणून साधा पांढरा-ते-करडा रेडियल ग्रेडिअंट चालत नाही, त्याने सूर्याचा चेंडू होतो. चकतीवर नवा लेयर घ्या, मोड मल्टिप्लाय आणि रेडियल ग्रेडिअंटला पाच थांबे द्या : केंद्रात २५५, ५० टक्क्यांवर २४६, ८० वर २२६, ९५ वर २०१ आणि कडेला १७० (लाल, हिरवा, निळा तिन्ही सारखे). गोळा तिथल्या तिथे उठून येतो. जादूई सूर्य हवा असेल तर हेच उलटं करता येतं : मध्य गडद, कड तळपती. मात्र उतार असाच वाकडा ठेवा.

प्रश्न : पोलर कोऑर्डिनेट्सने किरणं काढली, पण बरोबर वरच्या बाजूला एक उभी चीर दिसते. ब्लर केली तरी जात नाही. (रत्नागिरी)

उत्तर : ती ब्लरने जाणार नाही, कारण ती फिल्टरची चूक नाही. पोलर कोऑर्डिनेट्स सपाट पट्टी वळवून तिची डावी आणि उजवी कड एकमेकींना भिडवतो. दोन्ही कडा जुळत नसतील तर सांधा दिसणारच. सॉलिड नॉईज काढतानाच टाइलेबलवर टिक करा, दोन्ही कडा आपोआप जुळतात.

प्रभामंडळासाठी पूर्ण कॅनव्हासएवढा लेयर घ्या. सॉलिड नॉईजमध्ये एक्स साइझ १६, वाय साइझ १, डिटेल १ किंवा २, टाइलेबल चालू, टर्ब्युलंट बंद. उभ्या पट्ट्या दिसतील. वळवल्यावर याच पट्ट्या किरणं होतात. त्यावर मल्टिप्लाय मोडमध्ये उभा ग्रेडिअंट द्या. चकतीची त्रिज्या ५०० आणि कॅनव्हासची अर्धी बाजू १२००; म्हणजे केंद्र होणाऱ्या बाजूपासून ४२ टक्के उंचीपर्यंत पूर्ण पांढरा, ६२ टक्क्यांवर तीन दशांश, ८३ वर एक दशांश आणि ९६ टक्क्यांना पूर्ण काळा. शेवटचा आकडा महत्त्वाचा आहे. ग्रेडिअंट शंभराव्या टक्क्यापर्यंत थोडाही उजळ राहिला, तर वळवल्यावर बाहेर एक स्पष्ट गोल रेघ उमटते आणि सूर्य काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा वाटतो.

दोन्ही लेयर एकत्र करा, मग फिल्टर्स › डिस्टॉर्ट › पोलर कोऑर्डिनेट्स, सर्कल डेप्थ १००. किरणं आतबाहेर झाली, म्हणजे तेज कडेला आणि अंधार मध्यात गेला, तर मॅप फ्रॉम टॉपची टिक बदला. तयार लेयर चकतीखाली सरकवा, मोड स्क्रीन. तो किंचित, ८-१० पिक्सेल, गॉसियन ब्लर करून त्याची एक प्रत आणखी खाली ८० पिक्सेल ब्लर करून ठेवा. पहिलीने धागे मिळतात, दुसरीने झळाळी.

रंगाबद्दल एक सूचना. प्रभामंडळ चकतीच्याच नारिंगी रंगात भिजवण्याचा मोह होतो. खग्रास ग्रहणात दिसणारा खरा प्रभामंडळ मोतिया पांढरा असतो, आणि चकतीच्या कडेवरच्या सौरज्वाला गुलाबी-तांबड्या. ही जोडी काल्पनिक सूर्यालाही फार शोभते. सगळंच नारिंगी केलं की चित्र एकसुरी होतं.

प्रश्न : जीमिकच्या लाइट रेजमधली किरणं सूर्यातून न निघता भलतीकडूनच निघतात. आणि खिडकीत दिसतं वेगळं, चित्रात येतं वेगळं. (पणजी)

उत्तर : लाइट रेजमध्ये केंद्र टक्क्यांत द्यावं लागतं, पिक्सेलमध्ये नाही. २००० बाय ३००० च्या चित्रात सूर्य डावीकडून १४०० आणि वरून ६०० वर असेल, तर केंद्र ७० आणि २०. हे टक्के लेयरचे मोजले जातात, कॅनव्हासचे नव्हे. सूर्याचा लेयर लहान असेल तर गणित बरोबर असूनही किरणं सरकतात. आधी लेयर › लेयर टू इमेज साइझ करून घ्या.

पूर्वदृश्याचं कारण निराळं. जीमिकच्या खिडकीत चित्र लहान करून दाखवलं जातं, पण काही फिल्टरांची मापं पिक्सेलमध्ये असतात. लहान चित्रावर तीच २० पिक्सेलची त्रिज्या मोठी भासते. खिडकीत १०० टक्के झूम करूनच निर्णय घ्या. आउटपुट मोड न्यू लेयर ठेवा, म्हणजे मूळ लेयर सुरक्षित राहतो. गिम्प ३.० मध्ये त्याचे स्वतःचे बरेच फिल्टर नंतर बदलता येतात, पण जीमिकचा परिणाम चित्रात कायमचा उतरतो.

फक्त धूसर किरणं हवी असतील तर प्लग-इनशिवायही भागतं. चकतीची प्रत घ्या, लेयर कॅनव्हासएवढा करा आणि फिल्टर्स › ब्लर › झूम मोशन ब्लर ०.३ च्या आसपास चालवा. केंद्र सूर्यावरच ठेवायचं, एवढंच.

प्रश्न : काळ्या आकाशात झळाळीच्या जागी कांद्याच्या पापुद्र्यांसारखे पट्टे दिसतात. फोनवर तर फारच. (नाशिक)

उत्तर : ८ बिटच्या चित्रात प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात. तुमची झळाळी समजा २००० पिक्सेलमध्ये ६० वरून २० वर उतरते. म्हणजे ४० पायऱ्या, प्रत्येक ५० पिक्सेल रुंद. एवढा रुंद पट्टा डोळ्याला दिसतोच. म्हणूनच वर सुरुवातीलाच ३२ बिट सांगितलं. काम संपल्यावर प्रिसिजन बदलून उपयोग नाही; तयार झालेले पट्टे तसेच राहतात, फक्त मोठ्या फाइलमध्ये.

शेवटी ८ बिटमध्ये आणावंच लागतं. त्याआधी सगळ्यात वर १ ते २ टक्के आरजीबी नॉईज द्या. कण इतके बारीक असतात की दिसत नाहीत, पण पायऱ्यांच्या कडा मोडतात. जेपेगची क्वालिटी ९० च्या खाली नेऊ नका, दाबणी वाढली की तेच कण पुसले जाऊन पट्टे परततात. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रश्न : राजगडाच्या फोटोत बालेकिल्ल्यामागे प्रचंड सूर्य बसवलाय. सूर्य छान झालाय, पण फोटोत तो चिकटवल्यासारखा वाटतो. (पुणे)

उत्तर : दोष सूर्यात नसून फोटोत असावा. आधी हे पाहा : बालेकिल्ल्याचा तुमच्याकडचा कडा उजळ आहे का? सूर्य मागे असेल तर कॅमेऱ्याकडची बाजू सावलीत असायला हवी. दुपारच्या समोरच्या उन्हात काढलेल्या फोटोवर कुठलंही प्लग-इन ही गोष्ट लपवू शकत नाही. उजेडाच्या विरुद्ध काढलेला फोटो निवडा, किंवा निदान गडाचा भाग वेगळा करून कर्व्ह्जने बराच खाली आणा.

दुसरी गोष्ट मापाची. आकाशात सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. ५० मिलिमीटर भिंगाने फुल फ्रेम कॅमेऱ्यात, ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत तो साधारण ७७ पिक्सेल भरतो. तुम्ही ८०० पिक्सेलचा बसवलात तर तो दहापट झाला, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या टेलिफोटोने काढल्यासारखा. पण पुढची झुडपं ५० मिलिमीटरचीच राहिली. डोळ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं. गडाचा फोटो लांबून, २०० ते ३०० मिलिमीटरने काढलेला असेल तर पुढे झाडं-माणसं नसतात आणि मोठा सूर्य सहज सामावतो.

तिसरी गोष्ट सांध्याची. आकाश कापून काढताना गडाच्या कडेला जुन्या उजळ आकाशाची पांढुरकी रेघ राहते. सिलेक्शन १ पिक्सेलने आत ओढा, ती जाते. मग उलट काम करायचं : खऱ्या फोटोत मागचं तेज कडेवरून थोडं पुढे सांडतं. झळाळीच्या लेयरची प्रत गडाच्या वर ठेवा, ४० ते ६० पिक्सेल ब्लर, मोड स्क्रीन, ओपॅसिटी ३० टक्के आणि मास्क (लेयरचा हवा तेवढाच भाग दाखवणारं आवरण) लावून फक्त कडेच्या १०-२० पिक्सेलपुरती राखा. बुरुजाची धार किंचित विरघळते आणि दोन चित्रांचं एक होतं. एवढी एक गोष्ट केलीत तरी निम्मं काम झालं.

सूर्य क्षितिजाला टेकलेला असेल तर त्याची उंची ८३ टक्क्यांच्या आसपास आणा, रुंदी तशीच. हवेतल्या वक्रीभवनाने मावळता सूर्य खरोखरच चपटा दिसतो. खालचा भाग वरच्यापेक्षा लाल आणि मंद ठेवा, आणि वर सांगितलेला पृष्ठभाग, डाग, धागे हे सगळं तिथे निम्म्याहून कमी ओपॅसिटीवर न्या. धुक्यातून, धुळीतून एवढं दिसत नाही.

प्रश्न : दोन सूर्यांच्या ग्रहाचं चित्र काढायचंय. रंग आणि सावल्या कशा ठरवायच्या? (ठाणे)

उत्तर : असे ग्रह खरेच आहेत. २०११ मध्ये जाहीर झालेला केप्लर-१६बी दोन ताऱ्यांभोवती फिरतो. त्यातल्या एकाचं वस्तुमान सूर्याच्या ०.६९ पट, दुसऱ्याचं ०.२० पट, आणि लहान तारा लालसर व बराच मंद आहे. चित्रात दोन सूर्य सारख्याच तेजाचे काढले की ते गाडीच्या दिव्यांसारखे दिसतात. एक स्पष्टपणे प्रमुख ठेवा.

रंग तापमानावरून घ्या. सुमारे ३००० केल्व्हिनच्या ताऱ्याला २५५, १८०, १०७ आणि १०,००० केल्व्हिनला २०४, २१९, २५५ (लाल, हिरवा, निळा या क्रमाने) हे साधारण जुळतात. रात्री मृगाकडे पाहिलंत तर काक्षीचा तांबूसपणा आणि राजन्याचा निळसरपणा शेजारी-शेजारी दिसतो. आकाशातले रंग इतके सौम्य असतात, आणि चित्रकार मात्र गडद लाल आणि गडद निळा वापरतात. हिरवा तारा कुणालाच दिसत नाही. हवाच असेल तर चकतीचा गाभा पांढरा ठेवून फक्त प्रभामंडळ हिरवा करा.

सावल्यांचा नियम सोपा आहे. प्रत्येक वस्तूला दोन सावल्या, आणि प्रत्येक सावलीत दुसऱ्या सूर्याचा रंग. लाल सूर्याची सावली निळसर, निळ्याची तांबूस, आणि जिथे दोन्ही एकमेकींवर येतात तेवढाच भाग खरा काळोखा. काळ्या ब्रशने दोन सावल्या काढल्या की चित्र फसतं. दोन्ही सूर्यांचा प्रकाश वेगवेगळ्या लेयरवर रंगवा, दोन्हींचा मोड अ‍ॅडिशन ठेवा, आणि प्रत्येक लेयरवर त्याच्या सावलीपुरता मास्क लावा. रंग आपोआप जुळतात.

प्रश्न : सूर्य काढायचं जुनं प्लग-इन नव्या फोटोशॉपमध्ये दिसत नाही. दिसलं तर करडं असतं. (नागपूर)

उत्तर : फ्लेमिंग पेअरचं सोलरसेल खास सूर्यांसाठीच आहे, तुमचं तेच किंवा त्यासारखं असावं. विंडोजवर सीसी २०१९ पासून फोटोशॉप फक्त ६४ बिटमध्ये येतं. ३२ बिटचं प्लग-इन त्यात उघडतच नाही. ६४ बिटची आवृत्ती घ्यावी लागेल. अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकवर इंटेलसाठी बनलेलं प्लग-इन असेल तर फोटोशॉप रोझेटामधून (इंटेलची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या अ‍ॅपलच्या सोयीतून) उघडा. नाव करडं दिसत असेल तर चित्राचा मोड तपासा : बरीच जुनी प्लग-इन्स फक्त आरजीबी, ८ बिटवर चालतात. गिम्पमध्ये इंडेक्स्ड मोडच्या चित्रावर हीच अडचण येते, इमेज › मोड › आरजीबी केलं की सुटते. गिम्प २.१० साठीचं जीमिक ३.० मध्ये चालत नाही, त्या आवृत्तीचं वेगळं घ्या.

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर असा सूर्य आहे. पडद्यावर तळपतो, छापून आला की विटकरी. (कोल्हापूर)

उत्तर : पडदा उजेड फेकतो, कागद परत पाठवतो. छपाईत सगळ्यात उजळ गोष्ट म्हणजे कोरा कागद, त्याहून वर काही नाही. म्हणून गाभा जवळजवळ बिनशाईचा ठेवा आणि तेज भोवतालच्या अंधारातून मिळवा : चित्राचा बाकी भाग जितका दबलेला, तितका सूर्य उठतो. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत (सी सियान, एम मॅजेंटा, वाय पिवळी, के काळी), बसतच नाही. एम ६० ते ७० आणि वाय १०० ठेवून सी पूर्ण शून्य करा. रूपांतरात सियान ५-७ टक्के जरी शिरली तरी नारिंगी मळकट होतो, तुमचा विटकरी रंग बहुधा तिथूनच येतोय.

छापखान्याकडून त्यांचा कलर प्रोफाइल मागून घ्या आणि व्ह्यू › कलर मॅनेजमेंटमधल्या प्रूफ कलर्सने आधीच पाहा. ए-४ अंकाला चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीत जाणारी जादा जागा) धरून ३०० डीपीआयला २५५१ बाय ३५७९ पिक्सेल लागतात. सूर्य पहिल्यापासून याच मापात करा, नंतर मोठा केला की नॉईजचं नक्षीकाम पसरट होतं. आकाशासाठी नुसती के १०० करडी दिसते. सी ६०, एम ४०, वाय ४०, के १०० असा मिश्र काळा द्या, बेरीज २४० होते. मात्र त्या काळ्यात अंकाचं नाव पांढऱ्या बारीक अक्षरांत उलटं काढू नका. चारही प्लेट केसभर जरी हलल्या तरी अनुस्वार बुजतात आणि वेलांटीची पोकळी भरते. अक्षर जाड घ्या, किंवा अक्षरांमागच्या पट्ट्यात फक्त के राखा.